कालव्याआधी तलाव फोडू नका

मध्यम लहरींवरच्या, म्हणजे एएम रेडिओचा विषय निघाला की लोकांचं उत्तर तयार असतं: आता कोण ऐकतं? पुढची वाक्यंही ठरलेली आहेत. सगळं मोबाइलवर मिळतं. आकाशवाणीचं स्वतःचं ॲप आहे. युरोपात एएम प्रक्षेपणं एकेक करून बंद होत आहेत. मग नागपूरचा तो अवाढव्य प्रक्षेपक विजेचं बिल भरत कशाला चालवायचा? हे बोलणारे लोक शिकलेले आहेत, त्यांच्यात माझे मित्र आहेत आणि त्यांच्या बोलण्यात थोडं तथ्यही आहे. पण मी भंडारा जिल्ह्यात राहतो, आणि इथून पाहिलं की त्या प्रत्येक वाक्यात काहीतरी राहून गेलेलं दिसतं. जे राहून गेलं त्याची किंमत आमच्या नदीकाठच्या गावांना मोजावी लागेल, म्हणून हे लिहितो आहे.

आधी तलावांबद्दल बोलू द्या.

आमचा जिल्हा तलावांचा. कोहळी लोकांनी जमिनीचा उतार ओळखून, पाळ घालून, सांडवा काढून पिढ्यानपिढ्या हे तलाव बांधले. लोंब भरायच्या वेळी पाऊस पाठ फिरवतो, तेव्हा बांधीतलं धान तलावाच्या पाण्यावर तरतं. १९५०च्या कायद्यानं मालगुजारी गेली आणि तलाव सरकारजमा झाले. लोक त्यांना अजूनही माजी मालगुजारी, म्हणजेच मामा तलाव म्हणतात. मालक गेला तशी राखणही गेली. पाळीवर झुडपं वाढली, पोटात गाळ चढला. पुढे मोठ्या धरणाची बोलणी सुरू झाली. २२ एप्रिल १९८८ रोजी पंतप्रधान राजीव गांधींच्या हस्ते गोसीखुर्दचं भूमिपूजन झालं. कालव्याचं पाणी थेट बांधीत येणार, मग गाळानं भरलेल्या या जुन्या तलावांचं काय काम, असं म्हणणारे तेव्हाही होते आणि तेही शिकलेलेच होते. मूळचा ३७२ कोटींचा प्रकल्प कितीतरी हजार कोटींवर गेला. वैनगंगेवर धरण उभं राहिलं, गावं उठली, पण कालव्याचं पाणी पोहोचायला दशकं लागली आणि काही ठिकाणी ते अजून यायचं आहे. मधल्या काळात ज्या गावांनी तलावाकडे दुर्लक्ष केलं त्यांचं हातचं पाणी गेलं. शेवटी सरकारलाच मामा तलावांच्या दुरुस्तीच्या योजना काढाव्या लागल्या.

इंटरनेट हा कालवा आहे. तो मोठा आहे, त्यात पाणी भरपूर आहे आणि तो यायलाच हवा. माझं भांडण कालव्याशी नाहीच. तो बांधीपर्यंत पोहोचला का हे न तपासता तलावाची पाळ फोडायला निघालेल्यांशी माझं भांडण आहे.

आकाशवाणीचं नागपूर केंद्र १६ जुलै १९४८ रोजी सुरू झालं. ५१२.८ मीटर म्हणजेच ५८५ किलोहर्ट्झ, हे आकडे आमच्या पिढीला पाढ्यासारखे पाठ आहेत. निवेदक ते रोज सांगत आणि आम्ही अर्थ न कळता ऐकत असू. अर्थ साधा आहे. ही लहर अर्ध्या किलोमीटरहून लांब आहे. इतकी लांब लहर जमिनीला धरून चालते. अंबागडचा डोंगर आडवा आला, कोक्याचं जंगल आडवं आलं, तरी ती वळसा घालून पुढे जाते. ३०० किलोवॉटच्या प्रक्षेपकातून निघाली की साठेक किलोमीटरवरचा भंडारा, शंभरेक किलोमीटरवरची साकोली आणि त्यापलीकडे नागझिऱ्याच्या कडेची टोली, सगळीकडे ती एकाच वेळी पोहोचते.

एफएमची लहर तीन मीटरची. आवाज सुंदर, गाणं ऐकावं तर एफएमवरच, हे मला मान्य आहे. पण ती जवळपास सरळ रेषेत जाते आणि आडोसा आला की थांबते. २८ एप्रिल २०२३ रोजी पंतप्रधानांनी देशभरात ९१ नवे एफएम प्रक्षेपक एकदम सुरू केले, प्रत्येकी १०० वॉटचे. चांगलं काम झालं. सरकारनंच सांगितल्याप्रमाणे त्यांनी मिळून ३५ हजार चौरस किलोमीटरची भर पडली. भागाकार केला तर एका प्रक्षेपकाच्या वाट्याला ३८५ चौरस किलोमीटर येतात. भंडारा जिल्हा ४,०८७ चौरस किलोमीटरचा आहे. म्हणजे एकट्या आमच्या जिल्ह्याला असे दहा-अकरा प्रक्षेपक लागतील, तेही जमीन सपाट धरली तर. दहा जागा, दहा मनोरे, दहा ठिकाणची वीज, तिथले जनरेटर आणि त्यांचं डिझेल. आज नागपूरचा एक प्रक्षेपक आमच्यासोबत गोंदिया, वर्धा, चंद्रपूरच्या कितीतरी गावांना सांभाळतो. एफएम आलं म्हणून एएम नको, हे म्हणणं नकाशा समोर ठेवला की टिकत नाही.

आता ‘कोण ऐकतं’ या प्रश्नाकडे येतो. एक आकडा विरोधकांच्या बाजूचा आहे आणि तो मी लपवणार नाही. २००१च्या जनगणनेत देशातल्या ३५.१ टक्के घरांत रेडिओ होता, २०११मध्ये १९.९ टक्के घरांत उरला. दहा वर्षांत हे प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. त्यानंतर तो आणखी कमी झाला असणार, हे आमच्या आठवडी बाजारात फिरलं तरी समजतं. ट्रान्झिस्टर मांडून बसणारी दुकानं गेली, दुरुस्ती करणारे हात म्हातारे झाले. पण घरात संच नसणं आणि संचाची गरज नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बाजारात वस्तू मिळेनाशी करायची आणि मग ती कोणी घेत नाही म्हणायचं, हा न्याय मला पटत नाही. शिवाय श्रोते मोजले कोणी? रेडिओचे श्रोते मोजण्याची जी व्यवस्था जाहिरातदार वर्षानुवर्षं पुढे करत आले ती दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि बंगळुरू या चार शहरांपुरती होती आणि मोजत होती एफएम. लाखांदूरच्या बाईनं सकाळी काय ऐकलं, हे विचारायला तिच्या दारात कोणी आलं नव्हतं. जिथं मोजणी झालीच नाही तिथला आकडा शून्य धरून निर्णय घेतले जात आहेत.

ऐकणारे कोण, ते मी सांगतो. बिडी वळणारी बाई. आमच्या जिल्ह्यात ही हजारो घरांची रोजी आहे. तेंदूचं पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा बांधायचा. हजार बिड्या झाल्या की मजुरी. तिचे दोन्ही हात आणि दोन्ही डोळे पानात अडकलेले असतात. मोबाइलचा पडदा हात मागतो, डोळे मागतो आणि वर मनही मागतो. दर थोड्या वेळानं त्याला बोट लावावं लागतं. रेडिओ फक्त कान मागतो. रोवण्याच्या दिवसांत चिखलात वाकलेल्या बायकांच्या धुऱ्यावर रेडिओ ठेवलेला मी पाहिला आहे. रात्री डुकरं राखायला मचाणावर बसलेला जागल्या, पहाटे वैनगंगेवर जाळं टाकायला निघालेला ढिवर, ज्यांना दिसत नाही असे लोक, ज्यांना वाचता येत नाही असे लोक, खाटेला खिळलेलं म्हातारपण: या सगळ्यांची बेरीज मुंबईतल्या जाहिरातदाराच्या कामाची नसेल. सार्वजनिक प्रसारण मात्र त्यांच्याचसाठी असतं. ‘बहुजन हिताय, बहुजन सुखाय’ हे ब्रीद आकाशवाणीनं स्वतः घेतलं आहे. आणि रेडिओ खरंच मेला असता तर ३ ऑक्टोबर २०१४ पासून देशाच्या पंतप्रधानांनी दर महिन्याला लोकांशी बोलायला तोच निवडला नसता.

‘ॲपवर ऐका’ या सल्ल्याचा हिशेबही एकदा मांडू. साध्या दर्जाचं, सेकंदाला ६४ किलोबिटचं प्रक्षेपण ऐकलं तर तासाला २९ एमबीच्या आसपास डेटा लागतो. दिवसभर काम करताना पाच तास रेडिओ लावणारी बाई रोज दीडशे एमबीच्या जवळ जाते. डेटा तेवढा असतोच, त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत, असं कोणी म्हणेल. ज्याच्या हातात फोन आहे त्याच्यापुरतं ते खरं आहे. पण जुलै २०२४मध्ये कंपन्यांनी दर वाढवल्यावर एका मोठ्या कंपनीचं रोज दीड जीबी देणारं २८ दिवसांचं रिचार्ज २३९ वरून २९९ रुपयांवर गेलं. वर्षाला अशी तेरा रिचार्ज, म्हणजे ३,८८७ रुपये. घरातला स्मार्टफोन बहुतेक वेळा एकच असतो, तो पोराकडे असतो आणि पोरगा नागपूरला किंवा पुण्याला कामावर असतो. घरी बटणांचा फोन उरतो, त्यावर ॲप चालत नाही. रेडिओला दोन सेल घातले की महिनेन्‌महिने काही मागत नाही. रिचार्ज संपलं म्हणून तो कोणाला तोडत नाही, पासवर्ड विचारत नाही, तुम्ही काय ऐकलं याची कुठे नोंद करत नाही.

यातली सर्वात महत्त्वाची गोष्ट तांत्रिक आहे आणि ती या वादात फारशी बोलली जात नाही. इंटरनेटवरून हजार जण ऐकतात तेव्हा साधारण हजार वेगळ्या धारा सोडाव्या लागतात. ऐकणारे वाढले की भार वाढतो, आणि सगळ्यांना एकदमच ऐकायचं असतं तेव्हा, म्हणजे संकटात, तो सर्वात जास्त होतो. मध्यम लहरींना दहाजण ऐकतात की दहा लाख, याचा काही फरक पडत नाही. तेवढ्याच विजेत, तेवढ्याच स्पष्टपणे सगळ्यांना ऐकू येतं. हे तलावासारखं आहे. काठावर कितीही गुरं आली तरी पाण्याला रांग नसते.

विजेचा मुद्दा मात्र गंभीर आहे. एएमचे मोठे प्रक्षेपक वीज खातात, जुने तर फारच. मी एक हिशेब करतो. हे नागपूर केंद्राचं प्रत्यक्ष बिल नव्हे, कल्पना यावी म्हणून धरलेले आकडे आहेत. ३०० किलोवॉटचा नव्या बनावटीचा प्रक्षेपक साधारण ४०० किलोवॉट ओढतो असं धरू. तो रोज १७ तास, वर्षभर चालला तर २५ लाख युनिटच्या आत-बाहेर वीज लागेल. युनिटला दहा रुपये धरले तर अडीच कोटी रुपये. रक्कम मोठी वाटते. पण २०११च्या जनगणनेत विदर्भाची लोकसंख्या २ कोटी ३० लाख होती. माणशी वर्षाला एक रुपया आणि वर काही पैसे झाले. गावाच्या रस्त्यावरच्या दिव्यांनाही वीज लागते आणि रात्री अडीच वाजता त्या उजेडात कोणी चालत नसतं, तरी ते दिवे काढावेत असं कोणी म्हणत नाही.

आता पुराबद्दल. ऑगस्ट २०२०च्या अखेरीस मध्य प्रदेशात जोराचा पाऊस झाला, संजय सरोवराचे दरवाजे उघडले आणि वैनगंगा भंडाऱ्यात घुसली. हे सरोवर सिवनी जिल्ह्यातल्या भीमगडला आहे, तिथून सोडलेलं पाणी आमच्यापर्यंत यायला बरेच तास लागतात. आमच्या नदीचा हा एक मोठा गुण आहे: ती आधी सांगून येते, फक्त ते सांगणं ऐकू यायला हवं. कारध्याला पातळी मोजतात. २४५ मीटरला इशारा, २४५.५० मीटरला धोका. जिल्ह्यात हे दोन आकडे शाळकरी पोरालाही ठाऊक आहेत. त्या पुरात माझ्या मावशीच्या गावातली वीज आधी गेली. मग मनोऱ्याची बॅटरी संपली असणार, कारण कुठल्याच फोनला रेंज उरली नाही. कारध्याला पाणी किती झालं, दरवाजे अजून उघडेच आहेत की बंद केले, हे कळायला मार्ग राहिला नाही. लोक काठीला खूण करून अंगणातलं पाणी मोजत बसले. मावशीच्या घरात रेडिओ होता. माळ्यावर होता. काकांनी तो काढला तेव्हा सेल गळून आतली स्प्रिंग गंजून गेली होती.

मला त्या रात्रीचं सर्वात जास्त लागलं ते हेच. काकांनी रेडिओ माळ्यावर टाकला कारण सगळे त्यांना सांगत होते की आता त्याची गरज नाही. असं सांगणाऱ्यांत मीही होतो.

यावर उत्तर दिलं जातं की आता मोबाइलवर मोठा आवाज करत धोक्याचा संदेश येतो. २०२३मध्ये त्याच्या चाचण्या झाल्या, माझाही फोन दणाणला होता. व्यवस्था चांगली आहे. पण ती मनोऱ्यावरूनच येते. मनोरा जिवंत असेपर्यंत ती चालते, आणि पुरात तो लवकरच गप्प होतो. शिवाय तो संदेश एकदा ओरडून थांबतो. पूर दोन-तीन दिवस असतो. त्या काळात माणसाला सतत कोणीतरी बोलणारं हवं असतं: कुठला रस्ता बंद आहे, बोट कुठे पोहोचली, कोणत्या शाळेत जेवण आहे, पाणी उतरायला लागलं की नाही. खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देण्याची परवानगीच नाही. मग हे काम कोण करणार?

जग एएम बंद करतंय, हे अर्धवट खरं आहे. जर्मनीच्या राष्ट्रीय रेडिओनं २०१५च्या अखेरीस मध्यम लहरी थांबवल्या. आयर्लंडनं एप्रिल २०२३मध्ये दीर्घ लहर बंद केली. बीबीसीच्या रेडिओ ४नं एप्रिल २०२४मध्ये मध्यम लहरींवरचं प्रक्षेपण थांबवलं. ही उदाहरणं देणारे नॉर्वेचंही नाव घेतात, आणि नॉर्वेची गोष्ट मला फार उपयोगाची वाटते. तिथं २०१७मध्ये राष्ट्रीय वाहिन्यांचं एफएमच बंद झालं आणि सगळं डिजिटल रेडिओवर गेलं. पण त्याआधी सहा वर्षं अटी ठरवल्या होत्या. नवं जाळं जुन्याइतकंच पोहोचलं पाहिजे आणि निम्मे श्रोते रोज डिजिटल ऐकू लागले पाहिजेत. अटी पुऱ्या झाल्याचं तपासलं, मग बंद केलं. तिथं कालवा बांधीत आला तेव्हाच तलावाला हात लावला. शिवाय ते प्रक्षेपणावरून प्रक्षेपणावर गेले, रेडिओ टाकून फोनवर गेले नाहीत. संकटासाठी घरात सेलवर चालणारा रेडिओ ठेवा, असं तिथलं सरकार नागरिकांना आजही सांगतं.

दुसरी बाजूही पाहा. मार्च २०२२मध्ये कीव्हच्या दूरदर्शन मनोऱ्यावर हल्ला झाल्यावर बीबीसीनं युक्रेनसाठी लघुलहरी पुन्हा सुरू केल्या. नोव्हेंबर २०२३मध्ये गाझातले फोन बंद पडत असताना बीबीसीच्याच अरबी सेवेनं मध्यम लहरींवर रोजचा खास कार्यक्रम काढला. अमेरिकेत फोर्डनं नव्या गाड्यांतून एएम काढायचं ठरवलं होतं. मे २०२३मध्ये कंपनीनं तो निर्णय मागे घेतला, आणि प्रत्येक गाडीत एएम असावंच असं सांगणारं विधेयक तिथल्या संसदेत आलं. आणीबाणीत नव्वद टक्के जनतेपर्यंत पोहोचण्यासाठी त्या देशानं ७७ रेडिओ केंद्रं तयार ठेवली आहेत आणि त्यातली बहुतेक एएमवर आहेत. २८ एप्रिल २०२५ रोजी स्पेन आणि पोर्तुगालमध्ये एकाच वेळी वीज गेली तेव्हा युरोपातल्या त्या सुधारलेल्या शहरांत लोक ट्रान्झिस्टर विकत घ्यायला दुकानांसमोर उभे राहिले आणि अनोळखी माणसांच्या रेडिओभोवती घोळका करून बातम्या ऐकू लागले. आमच्याकडे तर वीज जायला एवढं मोठं कारणही लागत नाही.

एएमला खरखर असते, ही तक्रार खरी आहे. पण त्या खरखरीबद्दलही एक सांगतो. वीज चमकते तेव्हा ती आपल्या लहरी सोडते आणि एएमचा संच त्या पकडतो. ढग अजून दूर असतात, गडगडाट ऐकू यायचा असतो, तेव्हाच रेडिओत तडतड सुरू होते. माझे वडील धुऱ्यावर रेडिओ ठेवत. मधूनमधून तडतड वाढायला लागली की ते औत सोडत आणि आम्हा पोरांना झाडापासून लांब घराकडे पिटाळत. पूर्व विदर्भात दर पावसाळ्यात शेतात वीज पडून माणसं मरतात. पुण्याच्या उष्णकटिबंधीय हवामान संस्थेनं त्यासाठी ‘दामिनी’ ॲप काढलं आहे. ते फार मोलाचं आहे आणि ज्याच्याकडे फोन असेल त्यानं ते घ्यावं. ज्याच्याकडे नाही त्याच्या धुऱ्यावरचा तो खरखरणारा डबाही काही कमी मोलाचा नव्हता.

आवाज सुधारायचा तर मार्गही आहे. याच मध्यम लहरींवर डिजिटल प्रक्षेपण करता येतं. डीआरएम म्हणतात ते हेच. विजेची बचत होते, आवाज स्वच्छ येतो, एकाच प्रक्षेपकावरून दोन-तीन कार्यक्रम सोडता येतात, सोबत लेखी संदेश पाठवता येतो. भारतानं यावर जगात सर्वात आधी आणि मोठा खर्च करणाऱ्यांत नाव लावलं. तीसहून जास्त प्रक्षेपक बसले. पण ऐकायचा संच गावाला परवडेल असा बाजारात आणलाच नाही. काही नव्या मोटारींत तो बसून येतो. ज्याच्याकडे मोटार आहे त्याला डिजिटल आकाशवाणी मिळाली आणि जो बैलबंडीवर आहे त्याला जुना संचही मिळेनासा झाला. यात दोष मध्यम लहरींचा नाही. विहीर खणून दोर न देणाऱ्यांचा आहे. २०२३मध्ये सरकारनं मोबाइल बनवणाऱ्यांना फोनमधलं एफएम सुरू ठेवायला सांगितलं, याचा अर्थ संचाचं महत्त्व दिल्लीलाही कळतं. मग स्वस्त रेडिओ संचासाठी तोच आग्रह का नाही?

आणि आता आकाशवाणीलाही दोन शब्द. एएमच्या शत्रूंनी केलं नसेल तेवढं नुकसान रिकाम्या कार्यक्रमांनी केलं आहे. दिल्लीहून, मुंबईहून आलेलंच पुढे ढकलायचं असेल तर नागपूरचा प्रक्षेपक हवा कशाला, असा प्रश्न कोणी केला तर माझ्याकडे उत्तर नाही. जून २०२३मध्ये पुणे केंद्राचा प्रादेशिक वृत्त विभाग बंद करण्याचा आदेश निघाला होता. लोकांनी आवाज उठवला म्हणून तो थांबला. अशा आदेशामागचा विचारच मला घातक वाटतो: बातमी कुठूनही वाचली तरी सारखीच, असा तो विचार आहे. ती सारखी नसते. ‘पूर्व विदर्भात मुसळधार पाऊस’ ही पुण्या-मुंबईची बातमी झाली. पवनीच्या माणसाला आपल्या नदीची पातळी हवी असते.

रेडिओनं गाव हलवलं होतं, हे याच राज्यात सिद्ध झालेलं आहे. १९५६ साली पुणे केंद्रानं युनेस्कोच्या मदतीनं पाच जिल्ह्यांतल्या दीडशे गावांत श्रोतृमंडळं भरवली. गावकरी एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, मग त्यावर बोलत, मग ठरवून काम करत, आणि त्यांचे प्रश्न पुढच्या कार्यक्रमात येत. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या पॉल न्यूराथ यांनी त्याचा बारकाईनं अभ्यास केला, आणि पुढे इतर देशांनी तो नमुना उचलला. तंजावरकडे एडीटी-२७ या भाताच्या जातीचा प्रसार रेडिओवरून इतका झाला की शेतकरी त्याला ‘रेडिओ भात’ म्हणू लागले. आमचाही जिल्हा धानाचाच आहे. साकोलीला कृषी संशोधन केंद्र आहे, गादमाशी आणि तुडतुड्यांशी आमचा दरवर्षीचा झगडा आहे. पऱ्हे टाकल्यापासून चुरण्यापर्यंत रोज दहा मिनिटं, साकोलीच्या शास्त्रज्ञानं, आमच्या बोलीत सांगितलं तर ऐकणारे मिळतील की नाही, हे एक हंगाम करून तरी पाहा. ही आमची झाडीबोली माझ्या माहितीत कोणत्याही ॲपच्या यादीत भाषा म्हणून येत नाही. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी या बोलीसाठी आणि दंडार या इथल्या लोकनाट्यासाठी आयुष्य वेचलं. ही बोली हवेतून ऐकू येऊ शकते ती फक्त जवळच्या केंद्रावरून, कारण दुसऱ्या कोणाला तिच्यात नफा दिसणार नाही.

म्हणून माझं मागणं अटींचं आहे. भंडारा जिल्ह्यातल्या प्रत्येक टोलीत, वीज गेल्यावर ७२ तास, बिनपैशाचं आणि तितकंच भरवशाचं दुसरं काही पोहोचतं असं आधी दाखवा. ते कागदावर नको, पावसाळ्यात, नदीकाठी उभं राहून दाखवा. त्या दिवशी मी स्वतः ५८५चा प्रक्षेपक बंद करायला हरकत घेणार नाही. तोवर त्याला हात लावू नका, त्याची देखभाल करा, जुना असेल तर नवा बसवा. रेशन दुकानात, बचतगटांकडे, साध्या किमतीत एएम ऐकू येणारा संच मिळू द्या. आणि जून ते सप्टेंबर, दर तासाला, कार्यक्रम कोणताही चालू असो, दोन मिनिटं थांबवून वाचा: कारध्याची पातळी किती, संजय सरोवराचे दरवाजे किती उघडले, बावनथडी आणि पुजारीटोला या धरणांचं काय, गोसीखुर्दच्या ३३ दारांपैकी किती वर आहेत. एवढं वाचायला नवा निधी लागत नाही. जिल्हा नियंत्रण कक्षाकडे हे आकडे रोज असतातच.

काकांचा रेडिओ मी भंडाऱ्यात आणून दुरुस्त करून घेतला. दुरुस्त करणारे आजोबा सत्तरीच्या पुढचे आहेत. त्यांनी गंजलेली स्प्रिंग काढून दुसऱ्या मोडक्या संचातली बसवली आणि पैसे घ्यायला नको म्हणाले, मी बळेच दिले. रेडिओ आता माळ्यावर नाही, स्वयंपाकघराच्या कोनाड्यात आहे. सेलची जादा जोडी प्लॅस्टिकमध्ये बांधून शेजारी ठेवली आहे. मावशी रोज सकाळी चूल पेटवताना तो लावते. काटा ५८५वर असतो.